गोहलपुरातील पिठले आणि चार कवड्या

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून काहीतरी भारदस्त बोलावे अशी अपेक्षा असते. माझ्याआधी बोललेल्या वक्त्यांनी मंडळाच्या गणेशोत्सवाचा, नाट्यप्रयोगांचा आणि ग्रंथालयाचा इतिहास आपल्यापुढे मांडला. मी विद्वान नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि फायलींच्या संगतीत केस पांढरे केले, एवढेच माझे कर्तृत्व. तेव्हा मी आपल्यापुढे माझ्या योग्यतेइतकाच लहान विषय ठेवणार आहे. तो म्हणजे पिठले, गोळाभात, चार कवड्या आणि एक मित्र. या चार गोष्टींनी मला परगावी राहणे म्हणजे काय ते शिकविले.

१९९६ साली माझी जबलपूरला नेमणूक झाली. नागपूर सोडून प्रथमच बाहेर पडलो होतो. निघताना वडिलांनी समजूत घातली की जबलपूर म्हणजे काही परका मुलूख नव्हे. ते खरेही होते. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी मंडल्याचे गोंड राज्य घेतले, पुढे हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. १८६१ पासून मध्यप्रांताची राजधानी नागपूर, आणि जबलपूर त्याच प्रांतातले मोठे शहर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत दोघांची ताटातूट झाली. मात्र इतिहासात नाते असले म्हणून संध्याकाळी पानात वरण पडत नाही, हा साक्षात्कार मला पहिल्या आठवड्यातच झाला.

भाडे परवडेल अशी खोली मिळाली ती गोहलपुरात. शहराच्या उत्तरेकडची, अधारतालाच्या बाजूची ही दाट वस्ती. विणकरांची आणि विड्या वळणाऱ्यांची. दिवसभर मागांची खटखट चाले आणि दुपारी उंबऱ्यात बसून बायका सुपात तेंदूची पाने घेऊन विड्या वळीत. त्या अरुंद गल्लीत माझी एक खोली, एक वातीचा स्टोव्ह, आईने बांधून दिलेली चार भांडी आणि एक आंतर्देशीय पत्र. त्या पत्रात आईने पिठले कसे करावे ते लिहिले होते.

ते पत्र माझ्याजवळ अजून आहे. त्यात मापे नाहीत. आमच्या घरी १९७० साली निघालेले कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ होते आणि त्यात वाटी-चमच्याचा चोख हिशेब होता. पण आईचा त्यावर फारसा भरवसा नसे. तिने लिहिले होते, “बेसन आधी गार पाण्यात कालवून घ्यावे म्हणजे गाठी होत नाहीत. फोडणीत हिंग पडला की लगेच कांदा टाकावा, हिंग जळू देऊ नये. पाणी अंदाजाने. पिठले फदफदू लागले की आच कमी करून झाकण ठेवावे.” अंदाज म्हणजे किती, हे मात्र तिने लिहिले नव्हते. बेसनाच्या तिप्पट पाणी हे मला पुष्कळ गाठी खाल्ल्यानंतर कळले.

पहिल्याच रविवारी मी ते पिठले करावयास बसलो. मिरचीच्या फोडणीचा ठसका गल्लीभर गेला आणि समोरच्या दारातून एक गृहस्थ खोकत बाहेर आले. पन्नाशीचे, सडपातळ, चष्मा लावलेले. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. घराणे विणकराचे. १८५७ च्या धामधुमीनंतर पूर्वज उत्तरेकडून इकडे आले असे ते सांगत. सारी गल्ली त्यांना मास्टरसाब म्हणे. मीही तेच म्हणू लागलो. त्यांनी माझ्या पातेल्यात डोकावून पाहिले आणि विचारले, “झुणका है क्या?”

मी थक्क झालो. मग उलगडा झाला. त्यांचे आजोळ कामठीचे. नागपूरजवळच्या कामठीतही विणकरांची मोठी वस्ती आहे. लहानपणी सुटीत तेथे गेले की शेजारच्या मराठी घरातून झुणका-भाकर येई. ती चव चाळीस वर्षे त्यांच्या जिभेवर होती. माझे पिठले त्या चवीला कितपत पोचले कोण जाणे. त्यात सुपारीएवढ्या गाठी होत्या. पण त्यांनी बैठक मारून दोन पोळ्यांशी ते संपविले आणि उठताना शिक्षकाच्या सुरात शेरा दिला, “पास. लेकिन थर्ड डिवीज़न.”

त्या दिवसापासून रविवारची दुपार आमची ठरून गेली. जेवणानंतर खेळ. चौघे जमले तर पत्ते. आपण ज्याला मेंढीकोट म्हणतो त्याला तिकडे ‘देहला पकड’ म्हणतात. दोहींत दश्श्या पकडायच्या. चारही हाती आल्या की कोट. मी ‘मेंढी’ म्हणे, ते ‘देहला’ म्हणत, आणि डाव मात्र एकच चाले. दोघेच असलो तर अष्टा-चंगा. पाचावर पाच असा पंचवीस घरांचा पट खडूने जमिनीवर आखायचा आणि चार कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या तितकी घरे. चारही उताण्या तर चार, चारही पालथ्या तर आठ. हरणाऱ्याने बाजारातून खव्याची जिलबी आणायची. जबलपूरची ही काळपट तपकिरी, मऊ जिलबी ज्यांनी खाल्ली असेल त्यांना हरण्यातही दुःख का नसे हे सांगावयास नको.

पण मैत्री खरी जुळली ती एका भयंकर पहाटे. २२ मे १९९७. चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास जमीन हादरली. सहाच्या जवळपास तीव्रतेचा तो भूकंप होता. सुमारे चाळीस माणसे दगावली आणि हजारो घरांना तडे गेले. आमच्या गल्लीतील भिंतीही फाटल्या. मी अंधारात दाराची कडी शोधीत होतो, ती सापडत नव्हती. आणि बाहेरून कोणी दार ढकलीत होते. ते मास्टरसाब होते. स्वतःची बायकामुले मोकळ्या जागेत पोचवून ते माझ्यासाठी परत आले होते.

त्या रात्री कोणी घरात झोपले नाही. त्यानंतर कित्येक रात्री सारी वस्ती मैदानात. घरात चूल पेटविण्याची छाती होईना. तेव्हा उघड्यावर गोवऱ्या पेटल्या. कणकेचे गोळे निखाऱ्यांत भाजले जाऊ लागले, बाजूला वांगी भाजली जाऊ लागली. तिकडे याला गक्कड-भर्ता म्हणतात, वांग्याला भटा म्हणतात. मी पाहतो तो काय, हे तर आपल्या वऱ्हाड-नागपुराकडचे रोडगे! शेतात, नवसाला, पंगतीला होतात तेच. मी म्हटले, “ह्याला आम्ही रोडगे म्हणतो आणि ह्याला भरीत.” राखेने माखलेला गक्कड झटकीत मास्टरसाब म्हणाले, “नाव काहीही ठेव, गरम आहे तोवर खाऊन घे.” पायाखालची भूमी अजून अधूनमधून थरथरत होती. तशा वेळी ओळखीच्या चवीचा पहिला घास पोटात गेला आणि माझी भीती ओसरली. ती चव मला परक्या गावाने दिली होती, हे लक्षात यावयास मात्र पुढे बरीच वर्षे जावी लागली.

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला थोडा संकोच वाटतो. १९९९ च्या हिवाळ्यात आई महिनाभर माझ्याकडे राहावयास आली. नागपूरहून गोंदिया आणि तेथून नैनपूरमार्गे छोट्या रुळांच्या गाडीने. ती गाडी २०१५ साली बंद झाली. आता मोठ्या रुळांची धावते. आई जुन्या वळणाची, सोवळे-ओवळे पाळणारी. दर रविवारी मी मास्टरसाबांकडे जेवतो, त्यांच्या पत्नीने माझ्यासाठी शाकाहारी स्वयंपाकाची निराळी भांडी ठेवली आहेत, हे मी तिला सांगितलेच नाही. रविवारी काहीतरी कचेरीचे काम काढून बाहेर पडायचे आणि समोरच्या दाराने आत शिरायचे, अशी माझी लपवाछपवी. अठ्ठावीस वर्षांचा सरकारी नोकर आईशी खोटे बोलत होता आणि मित्राशीही. कारण मास्टरसाबांनाही मी “आईला बरे नाही” असे सांगून तिची गाठ टाळीत होतो.

पण बायकांची गाठ पडावयास आमची परवानगी लागली नाही. जबलपूरच्या आसपास मटार विपुल पिकतो. डिसेंबर-जानेवारीत गल्लोगल्ली हिरव्या शेंगांचे ढीग लागतात. एके दुपारी घरी आलो तो आई आणि भाभी उंबऱ्यात समोरासमोर बसून शेंगा सोलीत होत्या. आईला हिंदी बेताची, भाभींना मराठी मुळीच नाही. संभाषण अखंड चालले होते. भाभी मटार वाटून निमोना कसा करतात ते सांगत होत्या, आई मटारची उसळ सांगत होती. त्या महिन्यात आईने त्यांना गोळाभात शिकविला. हरभऱ्याच्या डाळीचा जाडसर भरडा, त्यात तिखट, मीठ, हळद आणि तेलाचे मोहन. गोळे वळून अर्धवट शिजलेल्या भातात ठेवायचे, वाफेवर शिजू द्यायचे. पानात गोळा भातात कुस्करून वर हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी घालायची. भाभींनी तो त्यांच्या चुलीवर आईच्या देखत केला. पान वाढून पुढे ठेवले. आईने हात जोडले आणि ती जेवली नाही.

त्या क्षणी मला धरणीने पोटात घ्यावे असे वाटले. संध्याकाळी मी मास्टरसाबांची क्षमा मागू लागलो. त्यांनी मला मध्येच थांबविले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता: माँजींचा त्यांचा कायदा आहे, आमचा आम्हाला आहे. त्यांनी अन्न घेतले नाही, पण हातातले कसब तर देऊन टाकले. अन्न संध्याकाळपर्यंत संपते, कसब राहते. मग थोडे थांबून म्हणाले, “मला वाईट वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. माँजी चांगल्या ठणठणीत आहेत.” माझे खोटे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

आई परत निघाली त्या दिवशी, गाडी सुटण्याच्या वेळी, खिडकीतून म्हणाली, “रविवारी त्यांच्याकडे जेवतोस ना?” माझ्या तोंडून शब्द फुटेना. ती म्हणाली, “जेवत जा. घरात एकट्याने जेवू नये. पण त्यांचा डबा रिकामा परत देत जाऊ नकोस.” आईने अखेरपर्यंत त्या घरचे अन्न खाल्ले नाही. मात्र दर उन्हाळ्यात नागपूरहून येणाऱ्या गाठोड्यात सांडग्यांच्या आणि काळ्या मसाल्याच्या दोन-दोन पुड्या असत. त्यांतील एकीवर लिहिलेले असे, ‘समोरच्या घरी’. आईने आणखी पुढे यायला हवे होते असे आज मला वाटते. पण ती होती तेथून एवढे चालून आली, हेही मला विसरता येत नाही. २००९ साली ती गेली.

२००३ मध्ये माझी बदली झाली. लग्न, मुलगी, दिल्ली, कोलकाता. सरकारी नोकराची ठरलेली वाट. पत्रे विरळ झाली. पुन्हा जबलपूरला आलो तो २०१८ साली, वरच्या जागेवर आणि सरकारी निवासस्थानात. गोहलपुरात गेलो तेव्हा मास्टरसाब उंबऱ्यातच बसले होते. मी समोर उभा राहिलो तरी त्यांनी ओळखले नाही. काचबिंदूने दृष्टी पार गेली होती. मी काही बोललो तेव्हा मान वर करून म्हणाले, “थर्ड डिवीज़न?”

पत्ते आता शक्य नव्हते. पत्त्यांना डोळे लागतात. पण कवड्यांना बोटे पुरतात. त्यांच्या सुनेने जाड सुताने शिवून कापडावर पंचवीस घरांचा पट तयार केला होता. रेघा बोटांना लागत, फुलीची घरे गाठींवरून ओळखता येत. विणकराच्या घरातच असा पट सुचावा. माझे दान पडले की ते हात फिरवून पाहत नसत. मी सांगेन ते मानीत. एकदा मी गमतीने दोनाचे तीन सांगितले. सोंगटी हलविल्यावर ते शांतपणे म्हणाले, “तिसरी कवडी पालथी पडली. आवाज निराळा येतो.” त्यानंतर मी तसली गंमत केली नाही.

दुसरा खेळ त्यांनीच काढला. मी त्यांच्या स्वयंपाकघरात फोडणी करावयाची आणि त्यांनी बाहेर बसून काय काय पडले ते सांगायचे. मोहरी तडतडते ती कानाला कळे. जिरे, मेथी, हिंग, कढीलिंब नाकाला. मोहरीचे तेल पुरते तापण्याआधी मी घाई केली तर बाहेरून आवाज येई, “अभी कच्चा है.” पिठले फदफदू लागले की मी झाकण ठेवण्याआधीच ते सांगत. आईने पत्रात लिहिलेला ‘अंदाज’ म्हणजे काय, हे मला खऱ्या अर्थाने त्या दृष्टिहीन मित्राने शिकविले. अंदाज म्हणजे चाचपडणे नव्हे. कित्येक वर्षांच्या सवयीने कान, नाक आणि बोटे यांच्यात साठलेले ते ज्ञान असते. ते पुस्तकात पुरते मावत नाही. एकाने केले आणि दुसऱ्याने जवळ बसून पाहिले, तरच ते पुढे जाते.

२०२० सालच्या मार्चअखेर टाळेबंदी आली आणि रविवार बंद पडले. दूरध्वनीवर खेळ चाले. मी फोडणीजवळ यंत्र धरी आणि ते केवळ आवाजावरून ओळखीत. २०२३ च्या जानेवारीत, मटारच्याच दिवसांत, मास्टरसाब गेले. मी खांदा दिला. घरी आलो तो ओट्यावर त्यांचा डबा. आदल्या रविवारी भाभींनी निमोना दिला होता. डबा धुतलेला, रिकामा.

पंधरा दिवस तो डबा माझ्याकडे पडून होता. रिकामा द्यायचा नाही, आणि भरायचा कोणासाठी? अखेर मी गोळाभात केला, फोडणी वेगळ्या वाटीत घेतली आणि गोहलपुरात गेलो. भाभी आता थकल्या आहेत, सुनेने डबा घेतला, एक गोळा कुस्करून चाखला आणि म्हणाली, “अच्छा है. पर हिंग ज़्यादा है, और मोहन कम. दादी वाला ऐसा नहीं था.”

क्षणभर मला कळेना की ही कोणती दादी. मग कळले. माझी आई. या मुलीने माझ्या आईला कधी पाहिलेले नव्हते. भाभींनी १९९९ मध्ये आईकडून घेतले ते सुनेला दिले होते; मापासकट, हिंगासकट, ‘दादी’ या नावासकट. त्या घरात दर हिवाळ्यात गोळाभात होत होता आणि माझ्या स्वतःच्या घरात तो कित्येक वर्षांत झाला नव्हता. मी आईचा मुलगा. माझाच हात चुकला होता, आणि दुरुस्ती गोहलपुरातून होत होती.

माझी मुलगी बंगळुरात नोकरी करते. तिने त्याच सुमारास दूरध्वनी करून विचारले, “बाबा, आजी करायची तो गोळाभात कसा करतात?” मी तिला माझी कृती सांगितली नाही. मी तिला गोहलपुरचा क्रमांक दिला. तिच्या आजीचा गोळाभात तिने हिंदीतून, एका मुसलमान विणकराच्या सुनेकडून शिकून घेतला. आता तिला तो माझ्यापेक्षा चांगला येतो.

मंडळी, परगावी राहणाऱ्या आपणां सर्वांना एक भीती सतत सतावीत असते. मुले मराठी विसरतील, सण विसरतील, घरची चव विसरतील. या भीतीपोटी आपण पुष्कळ गोष्टी जपून, झाकून ठेवतो. मंडळे काढतो, ती चालविलीच पाहिजेत. या मंडळाची पन्नास वर्षे ही काही लहान कमाई नव्हे. तरीही माझा अनुभव मला सांगतो की चव ही तिजोरीत टिकणारी वस्तू नाही. माझ्या घरात जी गोष्ट जपून हरवली, ती शेजाऱ्याला दिली म्हणून राहिली. आईने जे अन्न नाकारले त्याबद्दल मला खंत आहे. तिने जे कसब दिले त्यावर आमची पुढची पिढी जेवते आहे.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात माझी एक साधी विनंती आहे. आपल्या घरचा एक नित्याचा पदार्थ, सणाचा नको, साधे वरण, पिठले, थालीपीठ काहीही चालेल, एका शेजाऱ्याला शिकवा आणि त्याच्याकडचा एक शिकून घ्या. जवळ आपली मुले बसवा. जेवण झाल्यावर लगेच उठू नका; एक डाव टाका. आणि डबा रिकामा परत करू नका.

मास्टरसाबांच्या चार कवड्या भाभींनी मला दिल्या. त्या या खिशात आहेत. सभा संपल्यावर चहाच्या वेळी ज्यांना एक डाव टाकायचा असेल त्यांनी अवश्य यावे. हरणाऱ्याने खव्याची जिलबी आणायची आहे, हे आधीच सांगून ठेवतो.